धवलारिणीच्या गोळ्या

दुपारी लाइट गेली आणि पंखा थांबला की आमच्या घरात आईच्या छातीतली झडप ऐकू यायची. बारीक, कोरडा आवाज, कुणी दातावर दात हलकेच आपटावा तसा. ती भांडी घासत असली किंवा सुकट निवडत असली तर लक्षात यायचा नाही, पण जेवून आडवी झाली की शेजारी पुस्तक घेऊन बसलेल्या मला तो नीट मोजता यायचा. नवं माणूस घरात आलं की भिंतीवर घड्याळ शोधायला लागायचं. ऑपरेशननंतर आई घरी आली त्याच आठवड्यात शेजारच्या हिराकाकीने ओटीवर चार बायकांसमोर सांगून टाकलं होतं, "वयनी, तुजे छातीन घड्याल बसवलाय. आता मूर्ताला भट कशाला पायजे?" आई हसली, एका हाताने छातीवर उशी दाबून धरत, कारण हसलं की टाके ओढायचे.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजी येतो तो लग्न लावायला. त्याच्या आधी हळदीला देवांना मांडवात बोलावून आणायचं काम धवलारिणीचं. तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकापाशी ती बसते आणि धवला म्हणते. ना पेटी, ना ढोलकी. गावदेवीपासून खाडीच्या देवापर्यंत एकेकाचं नाव घेऊन बोलावणं, मग घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावणं, मग नवरीला काय काय सोडून जायचं आहे त्याची लांबच लांब ओळ. बाजूच्या बायका शेवटचा शब्द उचलतात, तेवढ्यात धवलारीण श्वास घेते. आईला हे तिच्या आत्याने शिकवलं, मिठागरावर, मिठाचे ढीग ओढता ओढता. मिठागरं आता बंदराच्या भरावाखाली गेली. धवले कुठे लिहिलेले नव्हते. आईच्या आधी ते आत्याच्या डोक्यात होते आणि आईनंतर कुणाच्या असतील हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही. मी तर नाहीच.

मला त्या गाण्यांची लाज वाटायची, हे इथे लिहून टाकते. बाबा बंदरात ट्रेलर चालवायचे आणि त्यांनी हट्टाने मला टाउनशिपमधल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. वर्गातल्या मुलींच्या आया कॉलनीत राहायच्या, वाढदिवसाला केक आणायच्या. माझी आई लग्नात चौकाशी बसून गाते हे मी दहावीपर्यंत एकाही मैत्रिणीला सांगितलं नाही. मैत्रिणी तरी किती होत्या म्हणा. मी वर्गात बोलायचे नाही, घरी फारसं बोलायचे नाही, आणि दोन्हीकडे लोक ते शिक्षणाचं लक्षण समजायचे.

लहानपणी आईला एकदा ताप येऊन सगळे सांधे सुजले होते. तिच्या घरच्यांनी तेल चोळलं, ताप गेला, सगळे विसरले. तो ताप तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेवर डाग ठेवून गेला होता, आणि ती झडप वर्षानुवर्षं आकसत, कडक होत गेली. मी चालायला लागले त्या सुमाराला तिला पहिल्यांदा मुंबईला नेलं. मांडीतून नळी घालून, फुगा फुगवून झडप रुंद केली. दहा-बारा वर्षं चाललं. मग पुन्हा ती जिना चढताना मध्येच भिंतीवरचं काहीतरी बघितल्यासारखं करून थांबायला लागली. उशा वाढल्या, एकावर दोन, दोनावर तीन. धवल्यात ओळीच्या मध्येच तिचा श्वास तुटायला लागला, तेव्हा तिने ओळी लहान केल्या. बायकांना वाटलं, नवीन चाल आहे.

अकरावीत असताना मी आई-बाबांबरोबर मोरा बंदरावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेले, तिथून हॉस्पिटलला. डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलायचे. बाबांनी फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू इंग्लिश शिकलीस ना, तूच बोल. आमी काय येड्यासारकं उबं रावताव." त्या दिवसापासून आईच्या हृदयाबद्दल जे काही बोललं गेलं ते माझ्या तोंडून गेलं, दोन्ही दिशांनी. डॉक्टरांनी समजावलं की आता फुगा चालणार नाही, झडप बदलावी लागेल. जनावराच्या ऊतीची झडप बसवली तर काही वर्षांनी पुन्हा छाती उघडावी लागेल. धातूची टिकेल, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, रोज, ठरल्या वेळी, आणि महिन्याला रक्ताची तपासणी. मी हे सगळं आगरीत आईला सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"गाता येल का, ते विचार."

मी विचारलं. डॉक्टर हसले. पूर्वीपेक्षा लांब श्वास मिळेल, म्हणाले. आईने लगेच धातूची झडप मागितली, जणू दुकानात बांगड्या निवडत होती.

पुढचं दीड वर्ष मला आता कुणाचं तरी दुसऱ्याचं वाटतं. आई तीन उशांवरून एका उशीवर आली. सकाळी परातीत तांदळाची भाकरी थापायचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा, आणि त्यावर तिचं गुणगुणणं. खाडीतली चिंबोरी आणायला ती स्वतः बाजारात जायची, कोळणींशी भांडायची, आणि भांडणात जिंकून यायची. संध्याकाळी सात वाजता मी तिच्या तळहातावर गोळी ठेवायचे; बाबांनी ते काम मला दिलं होतं आणि सगळ्या गावाला सांगितलं होतं. "माजी पोर हाय म्हनून एक गोली चुकत नाय." आणि धवला! आता ती एका श्वासात पूर्ण ओळ म्हणायची, बायकांनी शब्द उचलायच्या आधीच पुढची सुरू करायची. लांबच्या गावांतून बोलावणी यायला लागली.

मग अंगावर जायला लागलं.

हे वाक्य मी कसं लिहावं याचा खूप वेळ विचार केला. रक्त पातळ करायची गोळी सगळंच रक्त पातळ करते. आई चाळिशीच्या आसपास होती. तिची पाळी चार दिवसांऐवजी दहा दिवस, मग पंधरा दिवस चालायची. ती पांढरीफटक पडायची आणि मागच्या पडवीत गोणपाटावर बसून राहायची, कारण आमच्याकडे त्या दिवसांत बाजूला बसतात. घरात कुणी तिला बसवलं नव्हतं, बाबा असल्या गोष्टींत बोलायचेच नाहीत. ती स्वतःच बसायची. आणि त्या दिवसांत धवला म्हणायचा नाही, हे तर गावात पोरीटोरींनाही ठाऊक.

एका हळदीच्या सकाळी तिला पुन्हा लागलं. नवरीची आई तिला घेऊन जायला आली होती, हातात ओटीचं सामान. आईने पडवीतूनच सांगितलं, "मना नाय जमाचं." ती बाई काय समजायचं ते समजली. पलीकडच्या गावातून एक म्हातारी धवलारीण आणली गेली. तिचा आवाज स्पीकरवरून आमच्या पडवीपर्यंत येत होता. ती दोन देवांची नावं विसरली. आई गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत होती आणि विसरलेली नावं ओठातल्या ओठात, आवाज न काढता, भरत होती. मी तिला चहा द्यायला गेले तर म्हणाली, "ठेव आनी जा." मला तोपर्यंत वाटत होतं की गाणं ही आईची आवड आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी मोरीत साबण शोधताना मला शिकेकाईच्या डबीत सात गोळ्या सापडल्या. ओल्या होऊन सुकलेल्या, कडा विरघळलेल्या. माझ्या हातून घेऊन, माझ्यासमोर पाणी पिऊन, जिभेखाली धरून ठेवलेल्या. मी डबी घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"वरडू नको," ती म्हणाली. "बाबा ओटीवर हाय."

"आई, तू मरशील अशाने."

"काय मरत नाय. लगीन झाला का परत घेताव. गेले वख्ताला बी तसाच केला, काय झाला? आठ दिस नाय घेतली तं सगला येवस्थित व्हतंय, दिसावर येतंय, दिसावर जातंय."

"मग न सांगता जाऊन गा ना. कुणाला कळणार आहे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची कुणी नाही. "द्येवांची नावं घेवाची असतात तोंडान. त्यांना काय सांगू?"

"डॉक्टरांना विचारू. काहीतरी औषध देतील."

"इचार ना. बाबांचे समोर इचारशील? त्या पुरुस डाक्टरला? काय बोलशील, सांग मना."

मी डबीचं झाकण लावलं. तिला माहीत होतं की मी विचारणार नाही. मी औषधाच्या दुकानात स्वतःसाठी लागणारी वस्तूसुद्धा बोट दाखवून मागायचे, तेही दुकानात दुसरं कुणी नसेल तर.

पुढच्या तपासणीत जे व्हायचं ते झालं. रक्त जेवढं पातळ हवं त्याच्या जवळपासही नव्हतं. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत मला विचारलं, गोळ्या चुकतात का? खोली लहान होती. बाबा माझ्या डाव्या बाजूला, मांडीवर टोपी. आई समोर, पदर घट्ट धरून. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढा प्रश्न कुणालाही कळतो. ती माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती तिच्या नजरेत, नुसती वाट बघत होती. माझ्या मनात पूर्ण वाक्य तयार होतं, व्याकरणासकट. शाळेने मला ते वाक्य शिकवलं होतं, जीवशास्त्राच्या तासाला, त्यातला प्रत्येक शब्द. बाबांना त्यातला एखादा शब्द कळला असता, एवढीच भीती होती.

"नो, डॉक्टर," मी म्हणाले. "रेग्युलर आहेत."

आज मला माहीत आहे की त्यावर इलाज होता. आईसारख्या बायकांना डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतात आणि रक्तस्राव कमी करता येतो, हृदयाची गोळी न थांबवता. हे मला दोन वर्षांनी एका नर्सने व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताना. मी तिचे आभार मानले आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. गोळ्या नियमित असून रक्त पातळ होत नाही, म्हणजे एकतर खाण्यात हिरव्या भाज्या जास्त किंवा गोळी कमी पडते. त्यांनी माठ आणि शेवग्याचा पाला जपून खायला सांगितला आणि गोळी वाढवली. बाबांनी घरी येऊन परसातला माठ मुळासकट उपटला. "पाल्याची भाजी या घरान आता कोन करल तं बग," म्हणाले. वाढलेली गोळी आई घ्यायला लागली, लग्नं नव्हती तेव्हा अगदी प्रामाणिकपणे, आणि तिच्या अंगावर पूर्वीच्या दुपटीने जायला लागलं. मग पुढच्या वेळी थांबवताना तिने आठ दिवसांवर भागवलं नाही. माझं एक खोटं असं तिच्या रक्तात उतरलं. गोळी मोठी झाली म्हणून ती जास्त दिवस सोडावी लागली.

मामाच्या मुलीचं, दर्शनाचं, लग्न ठरलं. दर्शना आईची लाडकी, ती जन्मली तेव्हापासून आई तिला म्हणायची, तुझा धवला मीच म्हणणार. लग्नाच्या दोन आठवडे आधीपासून मी रोज सात वाजता तिच्या तळहातावर गोळी ठेवत होते आणि मान वळवत होते. बघितलं नाही म्हणजे मला माहीत नाही, असा काहीतरी हिशेब मी स्वतःशी केला होता.

हळदीच्या दिवशी दुपारी मामाच्या घरात आम्ही दोघी मागच्या खोलीत कपडे बदलत होतो. मी तिच्या ब्लाउजची मागची गाठ बांधत होते, माझा कान तिच्या पाठीशी. आवाज येत नव्हता. मी थांबले. मग आला, पण तो आवाज नव्हता. कापडात गुंडाळून कुणी काही आपटावं तसा मंद, बद्द. मी म्हटलं, "आई, तुझा आवाज बदललाय."

"बाहेर तो डीजे वाजतंय, त्याचे पुढं तुना काय आयकू येनार हाय?"

"दम लागतोय का?"

"आवरंस का तू? दर्शनाला बसवली पन असंल."

मी मांडवाच्या कोपऱ्यात, रचून ठेवलेल्या खुर्च्यांमागे उभी राहून मोबाइलवर शोधलं. इंग्रजीत सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. धातूच्या झडपेचा आवाज मंद झाला किंवा बंद झाला तर ताबडतोब हॉस्पिटल. ताबडतोब. मान वर केली तर मामाने डीजे बंद करवला होता आणि आईने सुरुवात केली होती.

तिचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, किंवा ऐकत नव्हते. मुलं धावायची थांबली. आचारी झारा हातात धरून मांडवाच्या कडेला आला. तिने गावदेवीला बोलावलं, तिच्या बोलावण्यात थोडी दटावणीही असायची, उशीर करू नको अशी. मी बायकांमधून वाट काढत तिच्या मागे गेले, वाकून म्हटलं, "आई, ऊठ. आपल्याला जायचंय." तिने गात गातच मान हलवली, नाही. हिराकाकीने माझा दंड धरून मला खाली ओढलं.

"अर्धा धवला सोरून उटवतंस का गो तिला? पोरीचे संसाराला लागंल. शिकलीस तरी येवरी अक्कल नाय?"

धवला अर्धा सोडत नाहीत. बोलावलेले देव वाटेत राहतात, असं मानतात. बाबा माझ्यापासून दहा पावलांवर होते, पाहुण्यांना पाणी देत. मी उठून त्यांच्याकडे जाऊ शकत होते. पण गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, आवाज का बदलला? आणि मग डबी, मग सात गोळ्या, मग डॉक्टरांच्या खोलीतलं माझं 'नो'. मी हिराकाकीशेजारी बसून राहिले आणि बाकीच्या बायकांबरोबर शेवटचे शब्द उचलले. आयुष्यात पहिल्यांदा उचलले. आईने वळून बघितलं, तिला आनंद झाला होता. ते मी विसरू शकत नाही. तिला वाटलं, पोर गायला बसली.

धवला संपला तेव्हा आई घामाने भिजली होती. मी पुन्हा म्हटलं, जाऊ या. ती म्हणाली, उद्या जाऊ, वरात गेली की, तुझी शपथ. मी मान डोलावली.

सकाळी मामाच्या मागच्या अंगणात चार चुली पेटल्या होत्या, बायका भाकऱ्या थापत होत्या. आईसमोरही परात होती. तिच्या उजव्या हाताखालची भाकरी वाढेना, एकाच बाजूला सरकत गेली आणि परातीबाहेर पडली. तिने ती उचलायचा प्रयत्न केला, मग काहीतरी बोलली. ते शब्द नव्हते. बायका हसल्या. "येवरं गायलीस का जीब बी दमली?" आईही हसली, अर्ध्या तोंडाने. मी चुलीच्या पलीकडून ते अर्धं तोंड बघितलं आणि किंचाळले.

मामाची गाडी हायवेला लागली तर पुढे कंटेनरची रांग, हलायचं नाव नाही. बाबा, ज्यांनी अर्धं आयुष्य त्याच रांगेत काढलं, दरवाजा उघडून रस्त्यावर उतरले आणि एकेका ट्रेलरच्या दारावर हात आपटत पळत सुटले. "बाजूला घे रे, माजी बायको हाय! भाई, साइड दे!" ड्रायव्हर त्यांना ओळखत होते. ट्रेलर इंच इंच सरकले. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती सारखं काहीतरी सांगत होती, सरळ माझ्या डोळ्यांत बघून, आणि मला, दोन्हीकडचं बोलणं पोचवणाऱ्या मुलीला, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

झडपेवर रक्ताची गाठ बसली होती आणि तिचा तुकडा मेंदूकडे गेला होता. अनेक आठवड्यांनी गाठ औषधांनी विरघळली. झडप पुन्हा नीट चालायला लागली, आजही चालते. त्या अर्थाने ऑपरेशन यशस्वी आहे. उजवा हात परत आला नाही. बोलण्यातलं 'नाय' आणि 'गो' एवढं परत आलं. बोलणं गेलं तरी काही जणांचं गाणं राहतं, असं स्पीच थेरपिस्टने सांगितलं, तेव्हा आम्ही दर्शनाच्या हळदीचं कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं शूटिंग तिच्यासमोर लावलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली. ओठ हलले, सूर आला नाही. मग डाव्या हाताने तिने मोबाइल उलटा करून ठेवला. त्यानंतर आम्ही लावला नाही. गावात आता हळदीला पेनड्राइव्हवरचे धवले लावतात. कधी कुणी म्हातारी येऊन मला विचारते, तुझ्या आईचा तो खाडीच्या देवाचा कसा होता गो? मला पहिली ओळ येते. दुसरी येत नाही.

पाळी पुढे आपोआप बंद झाली. आता गोळी मी तिच्या जिभेवर ठेवते आणि ती गिळते. तपासणी दर महिन्याला चोख येते.

सहा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलमध्ये नव्या डॉक्टर आल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी जुनी फाइल पहिल्यापासून वाचली. आईच्या मांडीवर मोठा काळानिळा डाग आला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, हिचं रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ ठेवलेलं आहे, कारण इथे लिहिलंय की गोळ्या नियमित असतानाही गाठ झाली. तसं असेल तर मला कमी करता येणार नाही. पण पडली, डोक्याला लागलं, तर आत रक्तस्राव होईल. खरंच नियमित होत्या?

बाबांना 'रेग्युलर' कळलं. "एक बी चुकली नाय, मॅडम," ते म्हणाले. "माजी पोर देतं सोताचे हातानं. पयल्या दिवसापासून."

आई चाकांच्या खुर्चीत बसली होती. मी डॉक्टरांकडे बघून इंग्रजीत बोलायला लागले, भरभर, सपाट आवाजात, पत्ता सांगावा तसं. गोळ्या थांबवल्या होत्या, का थांबवल्या होत्या, किती वेळा, मला ठाऊक होतं, मी नाही म्हणून सांगितलं होतं. जे वाक्य तेव्हा तयार होतं तेच बोलले, व्याकरणासकट. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. त्यांनी फाइलमध्ये एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली, आणि गोळी कमी केली. आईला इंग्रजी येत नाही. पण मी बोलत होते तेवढा वेळ ती जमिनीकडे बघत होती, आणि मी थांबले तेव्हा म्हणाली, "नाय गो." दोनदा.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "येवरा काय बोलत व्हतीस?"

"डोस कमी करायला सांगत होते," मी म्हटलं.

"बरा केलास. तू हायस म्हनून हाय आपला." त्यांनी आईची खुर्ची वळवली आणि पुढे ढकलत निघाले.

मी आजवर जे काही लिहिलं ते इंग्रजीत लिहिलं. शाळेने मला तीच सवय लावली. हे प्रकरण मराठीत लिहायला मला चार महिने लागले, आणि कितीतरी शब्दांसाठी मला थांबावं लागलं. इंग्रजीत ते एका दिवसात झालं असतं. पण बाबांना इंग्रजी वाचता येत नाही.